उष्ण पदार्थांची मेजवानी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, गाईला भिते. तारवाला शेजारच्या घरी आला तरी माझे हातपाय गार पडायचे. पण देऊळघाटच्या त्या मळ्यात एका रविवारी मी जेवढी भ्याले तेवढी पुढे जन्मात भ्याले नाही. आणि तिथे ना पाल होती ना तार. तिथे होतं ते उत्तम, महागडं, सातासमुद्रापलीकडून आलेलं खाणं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बुलढाण्यात आमचं भाड्याचं घर होतं. घरात माणसं तीनच. माझे यजमान हायस्कुलात मास्तर होते. दुसऱ्या त्यांच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे. आणि तिसरी मी. आत्याबाई विधवा, पांढऱ्या लुगड्यातल्या, सोवळ्याच्या कडक. त्यांच्या तांब्याला दुसऱ्याचा हात लागला तर तांब्या चुलीतल्या राखेने घासला जायचा आणि हातवाल्याचीही चांगली घासणी व्हायची. मी त्यांना भ्यायचे हे वेगळं सांगायला नको.

त्या पौषात मला दिवस गेले होते आणि हे आपल्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, अशा खात्रीत मी होते. यांनासुद्धा मी सांगितलं नव्हतं.

आता आमच्यासारख्या घरात ही गोष्ट लपायची कशी? कावळा शिवला की बाईने मागच्या पडवीत जाऊन बसायचं, चार दिवस कशालाही हात लावायचा नाही, जेवणाचं ताट लांबून सरकवलेलं घ्यायचं. एखाद्या महिन्यात सून बाहेर बसली नाही की घराला कळायचं, आणि आमच्या शेजारणीची भिंत कमरेइतकीच असल्यामुळे लगोलग गल्लीलाही कळायचं. माझ्या पहिल्या खेपेला असंच झालं. बायका विचारायला यायच्या, आशीर्वाद द्यायच्या, पोटाकडे पाहून जायच्या. तिसरा महिना सरायच्या आत सगळं संपलं. दुसऱ्या खेपेला मी फक्त यांना सांगितलं, यांनी आनंदाने दोघा-तिघांना सांगितलं, आणि पुन्हा तेच. त्या वेळी आत्याबाई आठवडाभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी त्याचा अर्थ लावला तो असा, की आता ही बाई मला माहेरी धाडणार.

तेव्हा तिसऱ्या खेपेला मी ठरवलं की या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. दिवस टळले तशी मी नेमाने पडवीत जाऊन बसले. खोटी. चार दिवस तिथे बसून भिंतीवरचे पोपडे मोजले, लांबून आलेलं ताट घेतलं, त्या दिवसांत घ्यायच्या कापडाच्या कोऱ्याच घड्या धुतल्या आणि लुगड्याच्या आडोशाला वाळत घातल्या. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात आले आणि देवासमोर बसून माफी मागितली. सोंग छान वठलं होतं. एवढं धाडस माझ्यात कुठून आलं, कोण जाणे. भीतीच्या पोटीच आलं असणार.

सोंग सोपं होतं, खाणं अवघड होतं. उष्ण काही पोटात जाता कामा नये, एवढं मी दोन वेळच्या दुःखातून शिकले होते, म्हणजे बायकांनी मला शिकवलं होतं. पपई उष्ण, तीळ उष्ण, गूळ उष्ण, बाजरी उष्ण. संक्रांतीला लोकांनी हातावर ठेवलेला तिळगूळ मी गोड बोलत बोलत पदरात लपवला होता आणि नंतर शेजारच्या शेळीला घातला होता. आणि संक्रांतीनंतरच्याच रविवारी देऊळघाटचं बोलावणं आलं.

बोलावणारा यांचा शाळेपासूनचा मित्र. फळबागांचं शिक्षण घ्यायला परदेशी जाऊन आला होता आणि देऊळघाटजवळ वडिलांच्या मळ्यात पपई, मोसंबी लावून बसला होता. बायको पुण्याची, हौशी, हसऱ्या तोंडाची. परदेशातून येताना त्याने ट्रंकभर खाण्याच्या वस्तू आणल्या होत्या. त्या सगळ्या आम्ही एक दिवस मळ्यात बसून चाखायच्या, असा बेत होता. "तिकडे असंच करतात. पोट भरायचं नाही. प्रत्येकाची नुसती चव घ्यायची," असं त्याने यांना समजावलं होतं, आणि यांनी ते घरी येऊन आम्हाला समजावलं.

"नुसती चव घ्याची तं एवढ्या दूर काऊन जायाचं?" आत्याबाई म्हणाल्या. "मीठ घरी बी आहे."

मी डोकं दुखतंय म्हणून पाहिलं. पण यांचा चेहरा इतका उतरला की मला पुढे बोलवेना. आणि ज्या बाईला अंगात बरं नाही, तिला लोक काय झालं म्हणून विचारतात. मला तेच नको होतं.

रविवारी सकाळी मित्राची जीप दाराशी आली तेव्हा आत्याबाई गोधडी आणि आपला तांब्या घेऊन ओट्यावर तयार उभ्या होत्या.

"आई, तुले तिथं काई खाता येनार नाई. तू काऊन येऊन राह्यली?" यांनी विचारलं.

"मी खायाले नाई येत. मळा पाहाले येतो."

दिवसभर आता या बाईची नजर माझ्यावर राहणार होती.

जीपचा रस्ता म्हणजे खड्डे आणि मधूनमधून थोडा रस्ता. प्रत्येक धक्क्याला मी दोन्ही हातांनी पत्रा घट्ट धरायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, राहा, राहा. माझ्या शेजारी बसलेल्या आत्याबाई एकाएकी कुरकुरल्या, "मले या गोधडीनं उकडून राह्यलं. तू घे बुडाखाली." पौषातल्या सकाळी, बुलढाण्याच्या थंडीत, उघड्या जीपमध्ये कोणाला उकडतं? पण तसं विचारायची माझी छाती नव्हती. मी गोधडीची चौघडी करून तिच्यावर बसले.

मळ्यात एका मोठ्या चिंचेखाली सतरंजी अंथरली होती. आत्याबाईंनी आपली गोधडी वेगळी टाकली, जवळ आपला तांब्या ठेवला आणि पाय पसरून बसल्या. मित्राची बायको सगळ्यांना हसून या, बसा म्हणाली आणि पहिलं ताट पुढे आलं. पपई. मळ्यातली, पिकलेली, केशरी, पातळ फोडी करून वर लिंबू पिळलेली आणि मिरपूड भुरभुरवलेली. "वहिनी, तिकडे अशी खातात. तुम्ही आधी घ्या."

पपईची मी इतकी धास्ती घेतली होती की बाजारात तिच्या ढिगाजवळून जाताना पदर नाकाला लावायचे. हात पुढे केला नाही तर प्रश्न, केला तर सर्वनाश. मी हात अर्धा उचलला, आणि पलीकडून कर्कश हाक आली.

"इकडं ये वं! माह्या पायाले मुंग्या आल्या. चेपून दे."

चार माणसांत, परक्या मळ्यात, सून खायला बसलेली असताना! पुण्याच्या बाईंच्या भुवया वर गेल्या. यांनी मान खाली घातली. मी उठून गेले आणि आत्याबाईंच्या पोटऱ्या चेपायला लागले. लाजेने माझे कान तापले होते. थोड्या वेळाने बाईंनी माझ्यासाठी राखलेल्या फोडी आणून दिल्या, तेव्हा आत्याबाईंनीच उत्तर दिलं, "पायाले लागल्या हातानं फळ खात नाईत आमच्यात." असा कुठला नियम मी आधी ऐकला नव्हता. पण फोडी परत गेल्या. अपमानाने मला रडू येत होतं आणि आतून सुटका झाल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

मग डब्यातलं चीज निघालं, नासक्या दह्यासारख्या वासाचं. मला मळमळून आलं, पण तोंड वाकडं यांनीही केल्यामुळे माझं खपून गेलं. खारवलेली हिरवी फळं निघाली, कच्च्या बोराएवढी. मित्र एकेक वस्तू कुठली, कशी करतात, कशाबरोबर खातात हे सांगत होता. हे मान डोलावत होते आणि हळूच पाणी पीत होते. मी पावाचा कोरडा तुकडा चघळत बसले होते. उष्ण की थंड, हे ज्याचं कोणालाच ठाऊक नाही, ते खावं तरी कसं?

चॉकलेटची पेटी उघडली तेव्हा मात्र मी सैल झाले. झाकणावर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं, आत चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या काळ्या वड्या. गोड वस्तू. मुलं खातात. यात काय असणार? शिवाय खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. सकाळपासून मी उपाशी होते आणि दोन जिवांची होते. मी वडी तोंडात टाकली, दाताखाली फोडली, आणि आतून पातळ, जळजळीत काहीतरी जिभेवर सांडलं. थुंकायच्या आत ते गिळलं गेलं.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. "फसल्या वहिनी! आत ब्रँडी असते!"

सगळे हसले. मीही हसले. घशापासून पोटापर्यंत एक गरम रेघ उतरत गेलेली मला कळत होती. ही रेघ आता कुठवर जाणार? झालं, आपणच आपल्या हाताने घालवलं, असं मला वाटलं. हात धुऊन येते म्हणून मी उठले, गोठ्यामागे गेले आणि घशात बोटं घालून सगळं बाहेर काढलं. काढताना पोटाला पीळ पडला तशी दुसरीच भीती वाटली, की या पिळानेच काही झालं तर? मग मी नुसतीच भिंतीला धरून उभी राहिले. वळून पाहते तो आत्याबाई मागे उभ्या. हातात त्यांचा तांब्या.

"तोंड धू," त्या म्हणाल्या. त्यांनी वरून पाणी ओतलं, मी चूळ भरली. काय झालं, का झालं, काही विचारलं नाही. मला वाटलं, आता घरी गेल्यावर विचारणार.

परत येऊन बसलो तर बाटली उघडलेली. लाल वाईन. त्या वेळी दारूबंदी होती, परवान्याशिवाय घोटभर घेणंही गुन्हा होता, आणि हे तर मास्तर. यांनी तीनदा रस्त्याकडे मान वळवून पाहिलं. पण मित्रापुढे गावंढळ ठरायचं नव्हतं, म्हणून पेला घेतला आणि डोळे मिटून ओठाला लावला. बाईंनी दुसरा पेला माझ्या हातात दिला.

"मला नको," मी म्हटलं.

"घोटभरच हो. द्राक्षासव समजा. आपल्याकडे अशक्त माणसाला देतात की."

"औषधच ते. घे ना," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात विनवणी होती.

"खरंच नको."

बाईंनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाल्या, "इतकं नको नको! काही विशेष कारण आहे की काय, वहिनी?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. हेच, नेमकं हेच मला टाळायचं होतं. नाही म्हणावं तर ते सांगण्यासारखंच होतं, आणि सांगितलं की काय होतं हे मी दोनदा भोगलं होतं. प्यावं तर उष्णातलं उष्ण पोटात. "कारण कसलं?" असं मी म्हटलं आणि पेला उचलला.

तो ओठांपर्यंत पोचला नाही. आत्याबाई गोधडीवरून कधी उठल्या ते कळलंच नाही. त्यांनी माझ्या हातातून पेला काढून घेतला.

"मले दे. माहे गुडघे धरले. आसव म्हनतेत ना हे? मंग ते म्हाताऱ्या मान्साले लागते, तरन्या पोरीले काऊन?"

आणि परक्या घरचं पाणी न पिणाऱ्या त्या बाईने मान वर करून, पेला ओठांना न लावता, तांब्यातलं पाणी प्यावं तशी ती वाईन वरून घशात ओतली. धार थोडी चुकली. हनुवटीवरून ओघळून पांढऱ्या लुगड्यावर लाल डाग पडले.

"आई!" यांच्या तोंडून एवढंच निघालं.

"काय आई आई? कडू आहे. म्हंजे गुनकारी असंन. हिच्या वाटचं आजूक असंन तं ओता."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी आणखी ओतली. आत्याबाईंनी तीही त्याच रीतीने संपवली. मग त्या दोघी गुडघेदुखीबद्दल बोलत बसल्या आणि माझ्याकडे पुन्हा कोणी वळलं नाही.

उतरत्या उन्हात जीप निघाली. पुढे मित्र आणि हे, मागे आम्ही दोघी. आत्याबाईंची मान हलायला लागली होती. मधूनच त्या स्वतःशी हसत होत्या. तोंडाला वास येत होता. आता मला वेगळाच घोर लागला. बुलढाण्याच्या अलीकडे नाक्यावर शिपाई उभा असायचा. तो होताच. त्याने हात वर केला, जीप थांबली. यांची पाठ मला मागून दिसत होती, ती लाकडासारखी ताठ झाली. शिपायाला फक्त गावापर्यंत पुढे जागा हवी होती. पण बसता बसता त्याचं लक्ष मागे गेलं.

"आजीबाईच्या लुगड्याले रगत कायचं?"

आत्याबाईंची मान ताडकन सरळ झाली. "रगत म्हनू नको बे!" त्या अशा ओरडल्या की शिपाई दचकला. "तोंडाले येते ते बोलते! बीटाचं पानी होय ते. खबरदार रगताचं नाव घेशीन तं!"

शिपाई ओशाळून पुढे बसला. जीप सुरू झाली. तिच्या खडखडाटात पुढच्यांना मागचं काही ऐकू जात नव्हतं. आत्याबाईंनी माझा हात धरला. गेली चार वर्षं त्यांनी मला हाताला धरलं नव्हतं.

"मेल्यानं काऊन त्याचं नाव घेतलं वं," त्या पुटपुटल्या. "आजच काऊन घेतलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि मला कळलं.

"आत्याबाई, तुम्हाला..."

"तुह्या घड्या कोऱ्याच वाळल्या पोरी. मी आंधळी नाई." त्यांनी आवाज खाली आणला. "पुढच्या वेळेस चांगल्या पिळून, चुरगळून टाकजो. शेजारीन पाह्यते."

त्यांनी हनुवटीने पुढच्या बाकाकडे, माझ्या यजमानांच्या टोपीकडे खूण केली. "ह्याच्या वेळेस मीबी खोटी बसली होती. ह्याच्या आंधीचे गेले सारे. मंग मी कोनाले नाई सांगितलं. माह्या सासूले मरेपावतर कळलं नाई." मग म्हणाल्या, "तू दोनदा गमावलं तवा मले बोलनंच सुचेना. काय बोलू? मले लय भेव लागते वं. तुह्याहून जास्त लागते." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून त्या झोपी गेल्या. घर येईपर्यंत मी धक्का लागू नये म्हणून एका हाताने पत्रा आणि दुसऱ्याने त्यांना धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी या गोष्टीचं नाव काढलं नाही. मीही नाही. बोललो असतो तर ते सांगितल्यासारखं झालं असतं.

माघात पुन्हा माझे ते दिवस आले, म्हणजे यायला हवे होते. मी पडवीत जाऊन बसले. तिसरा महिना चालू होता, आणि याच महिन्यात माझं दोनदा गेलं होतं. दिवसातून कितीदा मी लुगडं तपासायचे ते माझं मला ठाऊक. आत्याबाई ताट लांबून सरकवायच्या आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं माझ्यावर ओरडायच्या. ताटातल्या भाताखाली तुपाचा गोळा लपवलेला असायचा.

दुपारी हे शाळेत असताना त्या पडवीत आल्या. दार लोटून घेतलं, माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या, आणि ज्या दिवसांत माझी सावली त्यांना चालायची नाही त्या दिवसांत त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. अजून तिथे हाताला लागण्यासारखं काहीच नव्हतं. बराच वेळ त्या तशाच बसल्या. मग उठून अंगणात गेल्या आणि रहाटाचं गार पाणी लुगड्यासकट डोक्यावर ओतून घेतलं, कारण बाहेर बसलेल्या बाईला शिवलं की अंघोळ आलीच, आणि पडवीतून निघताना त्यांना शेजारणीने पाहिलं होतं.

"काऊन हो काकू, अशा थंडीत?" भिंतीवरून आवाज आला.

"सून शिवली बाई. बावळट आहे. पदर आवरता येत नाई तिले."

चारही दिवस त्या आल्या, हात ठेवला आणि जाऊन माघाचं पाणी डोक्यावर घेतलं. त्यात त्यांना जो खोकला धरला, तो माझी मुलगी घरभर रांगायला लागली तरी गेला नव्हता.